परत आलेले ग्लास : एका पेल एलच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

रात्री आमचा ब्रूपब (बिअर इथेच करतो, इथेच विकतो) बंद करायच्या वेळी भांडी धुतात तिथे जाऊन उभी राहिले. व्हीट बिअरचे ग्लास रिकामे येतात, कडेला फेसाच्या रेघा तेवढ्या उरलेल्या. पेल एलचे, म्हणजे आमच्या कडवट बिअरचे, आज सात ग्लास निम्म्याहून जास्त भरलेले परत आले. सातही मोरीत गेले. तीन आठवडे टाकीपाशी दिवसातून चार चकरा मारून केलेली बिअर अशी जाताना बघवत नाही.

मालक म्हणाले, "लोकांना कडू लागते. कडूपणा निम्म्यावर आण, नाहीतर पाडव्यानंतर ती टाकी व्हीटलाच देऊ." त्यांचंही चूक नाही, पाचशे लिटरची टाकी अडून राहते. मी पाडव्यानंतरच्या आठवड्यापर्यंत मुदत मागून घेतली आणि ही वही सुरू केली.

वही सुरू करण्याचं दुसरंही एक कारण आहे. संध्याकाळी सहा नंबरच्या टेबलावर एका मुलीने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास बाजूला सरकवला. आमचा गणेश हसून म्हणाला, "मॅडम, सवय झाली की आवडेल." टेबलावरचे बाकीचे हसले, ती गप्प बसली. मला हे वाक्य फार लागतं. या कामात नवीन होते तेव्हा मलाही हेच ऐकवलं जायचं, जणू आपल्या जिभेतच काहीतरी कमी आहे. कडू लागतं म्हणजे नक्की काय होतं, कुणाला लागतं, कुणाला नाही आणि का, हे मला मुळापर्यंत जाऊन बघायचंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी बॅच. पहाटे साडेसहाला दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात, ६६ अंशांवर धरून ठेवलं. तासाभरात पिठूळाची साखर होते आणि खालून गोड रस निघतो, तो वर्ट. गणेशला वाटीभर दिला तर म्हणाला, "काकवीत पाणी घातल्यासारखं लागतंय." अगदी बरोबर. इथपर्यंत बिअर कुणाचीच नावडती नसते.

मग उकळी फुटते, हॉप्सच्या हिरव्या गोळ्या पडतात आणि सगळा फरक इथून सुरू होतो. हॉप ही वेल, गांजाच्याच कुळातली. आपल्याकडे ती हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात पिकते, आमच्याकडे येतात ते हॉप्स परदेशातले. फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, तिच्यात अल्फा आम्लं असतात. ती तशीच टाकली तर पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर खळखळून उकळली की त्यांची रचना पालटते, आयसो-अल्फा आम्लं होतात, ती विरघळतात आणि तीच कडू लागतात. म्हणून तेच हॉप्स सुरुवातीला टाकले तर कडूपणा, शेवटी टाकले तर मुख्यतः वास. आज तासभर उकळायला ४०० ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांना ३००, आणि आच बंद करून रस गोल फिरवताना ५००.

कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात, ढोबळमानाने लिटरमागे एक मिलीग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे एक. आमची पेल एल ३८, व्हीट १२. झेक देशातल्या पिल्झेन गावात १८४२ मध्ये जी पिल्सनर जन्मली, ती आजही साधारण चाळीसच्या आसपास असते आणि तिथे ती रोजची बिअर आहे. म्हणजे ३८ हा काही माणसाला न पेलणारा आकडा नाही. पण हा आकडा ग्लासातला. जिभेवरचा कोण मोजणार?

११ फेब्रुवारी, मंगळवार

मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडून कडू चव तपासायच्या पीटीसीच्या कागदी पट्ट्या आणल्या. पूर्ण नाव फेनिलथायोकार्बामाइड. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायन बाटलीत भरत होते, तेव्हा त्याची पूड हवेत उडाली. सोबतचे नोलर म्हणाले, केवढं कडू आहे हे. फॉक्सना काहीच लागेना. दोघांनी मुद्दाम चाखून पाहिलं तरी वाद मिटला नाही, मग इतरांना चाखायला दिलं. काहींना जहाल कडू, काहींना काही नाही. हा फरक आईवडिलांकडून येतो हेही लवकरच दिसलं. १९३९ मध्ये फिशर, फोर्ड आणि हक्सली या तिघा शास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींनाही हे चाखवलं आणि त्यांच्यातही दोन्ही प्रकार निघाले. यामागचा जीन, टीएएस२आर३८, हाती लागायला मात्र २००३ उजाडलं.

दुपारी तीनला किचनमध्ये आठ जण जमलो. पट्टी जिभेच्या मधोमध ठेवायची, तोंड मिटायचं, दहा आकडे मोजायचे. शेफकाका चारवर पोचले आणि बेसिनकडे धावले. चूळ भरली, परत भरली, गुळाचा खडा तोंडात टाकला, तरी कपाळावरच्या आठ्या जाईनात. "काडेचिराईताचा काढा प्यायलोय लहानपणी, पण हे त्याच्या वरचं," म्हणाले. त्यांच्या शेजारी गणेश पट्टी या गालातून त्या गालात फिरवत उभा. "ताई, हा कागद आहे. नुसता कागद." त्याला खरंच काही लागलं नव्हतं. मला मधलं, गोळी गिळताना जिभेला घासून जावी तेवढं.

दोघांच्या मध्ये उभी होते. एकाच्या डोळ्यांत पाणी, दुसऱ्याच्या तोंडात कागद, आणि वस्तू एकच. आपण चवीवरून वाद घालतो तेव्हा दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं धरून चालतो. ते खरं नाही.

निष्कर्ष : गणेशला पेल एल सहज जाते कारण त्याला कडू लागतच नाही. सवयीचा काही संबंध नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कालचा निष्कर्ष खोडला. शेफकाका रोज काम संपल्यावर एक पेल एल घेतात. इथल्या सगळ्यांत त्यांना ती जास्त आवडते, आणि पट्टीने रडवलं ते त्यांनाच.

रात्री वाचत बसले. गोडासाठी जिभेवर चव ओळखणाऱ्या ग्राहींची मुख्यतः एकच जोडी आहे, कडूसाठी मात्र माणसात जवळपास २५ वेगवेगळे. विष शेकडो तऱ्हांचं असतं, म्हणून पहारेकरीही अनेक. पीटीसी ओळखणारा ३८ नंबरचा. हॉप्सची कडू आम्लं प्रयोगशाळेत तपासली तेव्हा त्यांना दाद देणारे निघाले १, १४ आणि ४० नंबरचे. म्हणजे पट्टी एका दाराची बेल वाजवत होती आणि बिअर दुसऱ्याच दाराने आत येत होती. पीटीसी कडू लागणाऱ्याला बिअरही कडू लागेलच असं त्या पट्टीवरून सांगता येणार नाही. कारलं, कडुनिंब, क्विनाइन, प्रत्येकाची दारं कमीजास्त निराळी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जिभेला खाण्याचा निळा रंग लावून, कागदाला पंचने भोक पाडून, त्या भोकात गुलाबी उंचवटे किती दिसतात ते मोजलं. ज्याला दाट उंचवटे, त्याला चवी जास्त ठळक, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. दोन तास गेले, सगळ्यांच्या जिभा संध्याकाळपर्यंत निळ्या. मग कळलं की अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या निसर्ग संग्रहालयात भेट देणाऱ्या लोकांवर मोठ्या प्रमाणात हेच करून पाहिलं होतं आणि २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी लिहिलं, उंचवट्यांच्या दाटीवरून कडूपणा किती लागेल ते सांगता येत नाही. आमच्या वहीतले आकडेही कशाला कशाचा मेळ घालत नव्हते. ही वाट बंद.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या महाशिवरात्र, अर्ध्या स्टाफचा उपवास, म्हणून आज स्टाफच्या जेवणात कारल्याची भाजी. शेफकाका काचऱ्या करून मिठात चोळत बसले होते. पाणी सुटलं की पिळायचं. मी म्हटलं, "मिठाने कडू पाणी निघून जातं ना?" ते म्हणाले, "थोडं जातं. पण सगळं पिळून टाकलं तरी मीठ कमी पडलं की भाजी कडूच लागते. मीठ कडवटपणाला गप्प करतं."

हे मी लगेच लिहून घेतलं, कारण ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांचा १९९७ चा शोध नेमका हाच : मिठातलं सोडियम कडूपणा दाबतं, आणि तो दबला की खाली झाकलेला गोडवा वर येतो. आपल्या बायका, आचारी हे कधीपासून करत आलेत.

पेल एलच्या दोन ग्लासांपैकी एकात बोटाच्या चिमटीत मावेल त्याच्याही निम्मं मीठ टाकलं. फेस उसळून टेबलावर आला, पुसून घेतलं, दोन मिनिटं थांबलो. मग चाखली. तीच बिअर, पण कडूपणाची धार बोथट झालेली आणि माल्टचा बिस्किटासारखा गोडवा पुढे आलेला. आठपैकी आठ जणांना फरक कळला. बिअरमध्ये मीठ घालून विकायचं नाहीये मला, पण खारे शेंगदाणे आणि तळलेल्या डाळीची वाटी चखण्याला का येते याचं उत्तर मिळालं. आमच्याकडे पेल एलबरोबर काहीच ठेवत नाहीत. उद्यापासून वाटी ठेवायची, पहिल्या घोटाच्या आधी.

४ मार्च, मंगळवार

आजवरची सगळ्यात कामाची नोंद.

गेला आठवडाभर ग्लास परत करणाऱ्या टेबलांवर मी स्वतः गेले. "आवडली नाही का?" असं विचारलं की सगळे म्हणतात, "कडू आहे." त्यावर मी थांबत नाही. विचारते, कुठे लागतं? जिभेवर, घशात, नाकात? लगेच की मागाहून? कशासारखं?

एक काका म्हणाले, "नाकात झणका येतो." ते कडू नव्हेच. बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड तोंडात ओल्या जागी आम्ल होतो आणि चवीच्या नव्हे तर वेदनेच्या नसा चेतवतो, सोड्याचा ठसका बसतो तोच हा. त्यांच्यासाठी ग्लास थोडा ढवळून, वायू घालवून परत दिला. अर्धा प्यायले.

एक मुलगा : "घसा जळतो." मिरचीचा जाळ ओळखणारा जो ग्राही आहे, तोच अल्कोहोलनेही चेततो. त्याला पेल एलमधलं ५ टक्केच जाळत होतं, कडूपणाबद्दल त्याची तक्रार नव्हती.

एक बाई, बहुधा शिक्षिका असाव्यात, कारण त्यांनी शब्द फार नेमके वापरले : "कडू नाही म्हणणार मी. तुरट आहे. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळूला चिकटते तसं." हॉप्स आणि माल्टच्या सालपटातून उतरणारी टॅनिनसारखी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा निसरडेपणा जातो. ही माझी चूक. त्या बॅचला माल्ट धुताना शेवटचं पाणी जास्त गरम झालं होतं, मला तेव्हाच शंका आली होती.

आणि दोघांनी जिभेचं काही सांगितलंच नाही. एक म्हणाला "शिळ्या पिठाचा वास", दुसरी म्हणाली "उग्र".

मराठीत कडू, कडवट, तुरट, तिखट, उग्र, आंबूस, झणका इतकं सगळं आहे, आणि बिअरसमोर बसलं की एकच शब्द तोंडात येतो. बिअर नवखी, तिचे शब्द घरात कुणी शिकवलेले नाहीत. कारल्याबद्दल आपण असं बोलत नाही. कारलं कोवळं, जून, कडसर, असं बारीकसारीक सांगतो. मालक ज्याला "लोकांना कडू लागते" म्हणतात त्यात निदान पाच निराळ्या तक्रारी आहेत, आणि हॉप्स निम्मे केले तर त्यातली फक्त एक मिटेल.

८ मार्च, शनिवार

बारवरचा रूपेश बिअर ओततो पण पीत नाही. पट्टी त्याला मध्यम लागली, टॉनिक वॉटरचं क्विनाइन आवडतं, कॉफी बिनसाखरेची. मग बिअर का नाही? आज सांगितलं. कॉलेज संपल्यावर मित्रांबरोबर पहिल्यांदा प्यायला, रिकाम्या पोटी, खूप, आणि रात्रभर उलट्या. "त्यानंतर वास आला तरी पोटात ढवळतं, ताई. ओतताना मी श्वास तोंडाने घेतो."

मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना गोड पाणी देऊन मग किरणोत्साराने आजारी पाडलं होतं. उंदरांनी त्यानंतर ते गोड पाणी टाळलं. आजारी पाडलं किरणांनी, ठपका बसला चवीवर. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की एकदाच तसं झालं तरी पुरतं, आणि मध्ये काही तास गेले तरी पोट चवीलाच दोषी धरतं. रूपेशच्या जिभेत काही वेगळं नाही. त्याच्या पोटाने एक गोष्ट लक्षात ठेवलीय. त्याला टाकीजवळचं काम न देता बिलिंगकडे घ्यावं असं मालकांना सांगितलं. ऐकलं त्यांनी.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड झाली, आज गच्चीवर दुपारपासून गर्दी. ऊन कडक. परत आलेले पेल एलचे ग्लास आज नऊ, आणि मी टेबल नंबर लिहून ठेवत होते म्हणून लक्षात आलं : नवापैकी आठ गच्चीवरचे. आतल्या टेबलांवरचा एकच.

एक परत आलेला ग्लास उचलून नाकाशी नेला. जळक्या रबरासारखा, कोंदट वास. ओळखला मी तो, शिकताना एकदा मुद्दाम हुंगवला होता. मग भरलेले दोन ग्लास घेतले, एक सावलीत झाकून, एक कठड्यावर उन्हात. दहा मिनिटांनी शेफकाकांना डोळे मिटायला लावून हुंगायला दिले. उन्हातला नाकाशी आला तसे मागे सरले.

उजेड पडला की बिअरमधल्या जीवनसत्त्व ब-२ च्या मदतीने आयसो-अल्फा आम्लं तुटतात, त्यांचा एक तुकडा गंधकाला जोडून जे तयार होतं त्याचा हा वास. अमेरिकेतला स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर जो घाण वास सोडतो, त्याच्या जवळच्या जातीचं रसायन. इतकं तीव्र की अगदी नाममात्र असलं तरी नाकाला कळतं. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी. व्हीटमध्ये हॉप्स थोडे, ती ढगाळ, म्हणून उन्हात ती तग धरते. पेल एल बिचारी पारदर्शक ग्लासात हॉप्सने भरलेली उन्हात बसते.

दीड महिना मी लोकांच्या जिभा तपासत होते, आणि निम्मा दोष छत्री नसण्याचा होता.

१६ मार्च, रविवार

गच्चीवर चार छत्र्या. मांडववाल्याकडून भाड्याने. गच्चीवरून परत आलेले : दोन.

२० मार्च, गुरुवार

पाण्याची चाचणी. पुण्याचं खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यात आपल्याला हवे ते क्षार घालता येतात. मी आजवर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घालत आले, कारण सल्फेटने कडूपणा कोरडा आणि टोकदार होतो, इंग्लंडच्या बर्टनच्या पेल एल त्यानेच गाजल्या. आज तयार बिअरच्या दोन भांड्यांत थोडं थोडं घालून पाहिलं : एकात जिप्सम, एकात कॅल्शियम क्लोराइड. आयबीयू दोन्हीत तोच. पण क्लोराइडची भरीव, गोलसर लागली, जिप्समची सुरीसारखी. पुढच्या बॅचला जिप्सम निम्मं, उरलेलं क्लोराइड. तासभर उकळायच्या हॉप्सना तूर्त हात लावत नाही.

२३ मार्च, रविवार

शेफकाकांचा प्रश्न राहिला होता. ज्यांना कडू सगळ्यात जास्त लागतं, त्यांना पेल एल का आवडते?

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी खूप मोठ्या संख्येने लोकांची पेयांची आवड आणि जनुकं पडताळून पाहिली. कडू पेयं पिणाऱ्यांत चवीच्या जीनमध्ये फरक सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडले ते दुसरेच, त्या पेयांचा अंगावर, मेंदूवर जो परिणाम होतो त्याच्याशी जोडलेले. त्याआधी २०१३ मध्ये इंडियाना विद्यापीठात ४९ पुरुषांच्या तोंडात पंधरा मिनिटांत मिळून फक्त १५ मिलीलिटर बिअर थेंबाथेंबाने सोडली. नशा व्हावी इतकी ती नव्हतीच. तरी नुसत्या चवीने मेंदूत डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, पाझरलं, आणि ज्यांच्या घरात दारूच्या आजाराचा इतिहास होता त्यांच्यात ते जास्त ठळक दिसलं.

हे वाचून वही मिटून बराच वेळ बसले. मी बिअर करते. ती चव म्हणजे एक निरोप असतो, आता बरं वाटणार आहे असा, आणि हा निरोप सगळ्यांच्या घरी सारखा पोचत नाही. काहींच्या घरी तो जास्त मोठ्याने पोचतो. "सवय झाली की आवडेल" हे वाक्य आमच्या तोंडी शोभत नाही, याला आता आणखी एक कारण मिळालं, आणि ते सगळ्यात गंभीर आहे.

शेफकाकांना विचारलं, पहिली कधी आवडली? ते म्हणाले, "आवडली कुठे? पंचवीस वर्षं भट्टीसमोर उभा राहतोय. बाराला काम संपतं, अंगातून वाफा निघत असतात, आणि तेव्हा हा गार, कडू घोट. तो कडू असतो म्हणूनच कळतं की आजचा दिवस संपला." त्यांना कडू लागतं, आम्हा सगळ्यांहून जास्त लागतं. त्यांना ते हवं आहे.

३१ मार्च, सोमवार, कराडजवळ, गावी

काल पाडवा. गुढी उभारल्यावर कडुनिंबाची कोवळी पानं, फुलं, गूळ, ओवा, चिंच, हिंग कुटून केलेली गोळी सगळ्यांच्या हातावर. पाच वर्षांच्या भाच्याने जीभ बाहेर काढून हाताने पुसली. लहान मुलं कडूला मोठ्यांपेक्षा जास्त दचकतात, निसर्गाने त्यांना तसंच पाठवलेलं असतं. आईने गुळाचा भाग मोठा असलेली गोळी स्वतःसाठी ठेवली, दरवर्षी ठेवते. बाबांनी नुसता पाला उचलून चावला. कारल्याचा रस ते सकाळी पाण्यासारखा पितात.

त्यांच्यासाठी मी हॉप्सच्या मूठभर गोळ्या आणल्या होत्या. आज सकाळी पातेल्यात अर्धा तास उकळल्या, गाळून कपात दिल्या. त्यात अल्कोहोल नाही, माल्ट नाही, बुडबुडा नाही. बिअरचा फक्त कडूपणा. बाबांनी फुंकर घालून घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. "चिराईतापेक्षा बरं आहे. पित्ताला चांगलं असणार." कप संपवला. आईला वास दिला तर तिने लांबूनच हात केला.

संध्याकाळी गच्चीत दुकानातून आणलेल्या बाटलीतली साधी बिअर छोट्या पेल्यात दिली. सणाच्या दिवशी घरात बाटली नको म्हणून आजचा दिवस. बाबांनी हट्ट म्हणून नव्हे, माझं काम आहे म्हणून पेला हातात घेतला. या बिअरचा कडूपणा सकाळच्या काढ्याच्या पासंगालाही पुरला नसता. नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. पेला खाली ठेवला.

"कडू नाही ना लागत?" मी विचारलं.

"चाखलीच कुठे," म्हणाले. "हा वास म्हणजे तिसरी पाळी."

बाबा साखर कारखान्यात एकतीस वर्षं होते. शेजारीच आसवनी. मळी आंबवायच्या टाक्यांवरून येणारा वारा रात्री थेट त्यांच्या खात्यात घुसायचा. आंबण्याचा वास, यीस्टचा, हंगामभर, रात्री बारा ते सकाळी आठ. सहा महिने दिवसा झोपायचं, मुलांना जागेपणी बघायचं नाही. ते म्हणाले, "कारखाना सोडला तेव्हा मला वाटलं, चला, तो वास सुटला. आणि मग तू हे काम धरलंस." हे त्यांनी कुरकुर म्हणून नाही सांगितलं. डोक्यावर हात ठेवला आणि खाली जेवायला गेले.

मी घरी येते तेव्हा ते पहिल्यांदा म्हणतात, आधी अंघोळ कर. इतकी वर्षं मला वाटायचं, प्रवासाची धूळ.

८ एप्रिल, मंगळवार

मालकांबरोबर बैठक. वही समोर ठेवली. ठरलं ते :

पेल एल राहते, टाकी जात नाही. हॉप्स तेवढेच. माल्ट धुवायचं पाणी ७६ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, जिप्सम निम्मं. गच्चीवर कायमच्या छत्र्या, आणि छत्रीबाहेरच्या टेबलावर पेल एल न्यायचीच नाही. खारे शेंगदाणे पहिल्या घोटाच्या आधी. पूर्ण ग्लास घेण्याआधी ६० मिलीलिटरचा नमुना फुकट, न मागता. मालकांना नमुन्याचा खर्च जड वाटत होता. फेब्रुवारीत मोरीत किती गेली त्याची बेरीज दाखवली, मग सही केली.

मेन्यूवर नवीन ओळी मी लिहिल्या. पेल एल : "कडू. घोट गिळल्यावरही थोडा वेळ जिभेवर राहते. संत्र्याच्या सालीचा वास." व्हीट : "कडूपणा जेमतेम. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, तो यीस्टचा, वरून काही घातलेलं नाही." त्याखाली घरचं कोकम सोडा आणि आलं-लिंबू सोडा, त्याच अक्षरात, त्याच आकारात. आधी ती शेवटच्या पानावर कोपऱ्यात होती.

स्टाफला एकच गोष्ट सांगितली. "कडू लागते" म्हटलं की ग्लास उचलायचा, "कशी लागते?" विचारायचं, आणि दुसरं काही आणून द्यायचं. गणेश म्हणाला, "ताई, मला तर कागदच लागला होता, मी कुणाला काय सांगणार." ते तो मनापासून म्हणाला.

१५ एप्रिल, मंगळवार

नव्या पाण्याची पहिली बॅच आज टाकीत, २१ दिवसांनी कळेल. आजचे परत आलेले ग्लास : पेल एल एक, व्हीट एक. व्हीटवाल्याला लवंगेचा वास दाताच्या डॉक्टरांची आठवण देत होता. लिहून घेतलं.

दुपारी बाबांचा फोन. त्या हिरव्या गोळ्या संपल्या, येताना पावशेर घेऊन ये म्हणाले.